त्रेचाळीस पावलं

खाम इलेव्हन अ गटातून ब गटात उतरली त्या दिवशी सगळ्यात जास्त कोण रडलं, तर ज्यानं त्या अख्ख्या मोसमात बॉलला पायसुद्धा लावला नव्हता तो पुंडलिक. वय सदुसष्ट, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वाळूजच्या कंपनीतून रिटायर होऊन सात वर्षं उलटलेली. खेळणारी पोरं मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडत होती आणि हा माणूस गोलपोस्टला पाठ टेकून, रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होता. त्याची बायको कडूबाई लांब उभी राहून बघत होती. जवळ जाऊन काय बोलावं हे तिला सुचेना. नवऱ्याला असं रडताना तिनं याआधी एकदाच पाहिलं होतं, फकिरा गेला तेव्हा.

फकिरा म्हणजे क्लब काढणारा. छावणीतल्या जवानांचा खेळ कुंपणाबाहेरून बघून बघून वस्तीतली आठ-दहा पोरं फुटबॉल शिकली, त्यांतला हा म्होरक्या आणि पुंडलिक त्याचा उजवा हात. चौऱ्याऐंशी साली त्यांनी टीम काढली आणि तिला नदीचं नाव दिलं. नदीला पाणी थोडं अन् नाव मोठं, आपलंबी तसंच, असं फकिरा म्हणायचा. क्लबला ऑफिस नव्हतंच. जर्सींची लोखंडी पेटी विहाराच्या मागच्या खोलीत राहायची आणि दर चौदा एप्रिलला लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे अशी मॅच व्हायची. बिनलग्नाचे जिंकले की त्यांच्या आया खट्टू व्हायच्या, कारण मग कोणी लग्नाला तयार व्हायचं नाही. सत्त्याऐंशीत टीम जिल्हा लीगच्या अ गटात चढली ती चढलीच. तेव्हा लीगच्या पाटीवर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. तिसऱ्या ओळीतलं खाम इलेव्हन मात्र कधी पुसलं गेलं नव्हतं.

मैदान म्हणजे वस्तीमागची सरकारी मोकळी जागा. दोन्हीकडचे गोलपोस्ट फकिरा आणि पुंडलिकनं स्वतः खड्डे खणून काँक्रीटमध्ये रोवलेले, ते जागचे हलायचे नाहीत. बाकीच्या रेषा मात्र दर मॅचला नव्यानं आखाव्या लागायच्या, कारण आठवडाभर तिथं क्रिकेट, लग्नाचे मांडव, शेळ्या आणि स्कूटी शिकणाऱ्या बायका असं सगळं सुखानं नांदायचं. रेषा आखायचं काम पहिल्यापासून पुंडलिककडे. जुन्या तेलाच्या डब्याला बुडाशी खिळ्यानं पाडलेली भोकं, वर तारेची कडी, आत चुन्याची फक्की. सकाळी सातला तो मैदानात उतरायचा. कंपनीत तिसरी पाळी असेल तेव्हा शिफ्टच्या बसमधून उतरून घरी न जाता थेट मैदानात यायचा आणि हातात डबा घेतला की त्याची झोप उडायची.

त्याची मापायची पद्धत ठरलेली होती. गोलच्या मधोमध टाच टेकवायची आणि त्रेचाळीस पावलं उजवीकडे, त्रेचाळीस डावीकडे. तिथं कोपऱ्याचे झेंडे. गोलसमोर चौदा पावलं आणि वर एक वीत, तिथं पेनल्टीचा ठिपका. मोजताना ओठ हलायचे नाहीत आणि मध्येच कोणी हाक मारली तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. रेषा पुऱ्या होईपर्यंत एकाही खेळाडूनं आत पाऊल टाकायचं नाही. शेवटी डब्यात मूठभर फक्की उरवायची, ती कॅप्टनच्या ओंजळीत ओतायची आणि त्यानं मैदानाच्या मध्यावर ठिपका टाकायचा. तो पडला की मगच मैदान खुलं व्हायचं.

शहाण्णव साली इथं निवड चाचणीची मॅच होती. पुण्याहून आलेल्या एका साहेबानं पोलादी टेप काढला आणि अख्खं मैदान मापून घेतलं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एका कोपऱ्यात फक्त वीतभर फरक निघाला. साहेबानं विचारलं, कशानं मापता? फकिरानं पुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, या मानसानं. साहेब हसला, वीतभर चालतं म्हणाला आणि त्यानं टेप गुंडाळून खिशात घातला. त्या दिवसापासून मैदानात टेप आणणं हा क्लबचा अपमान ठरला. हा किस्सा पुंडलिकनं किती वेळा सांगितला असेल याचा हिशेब कडूबाईलाच विचारावा. ती तो किस्सा त्याच्याआधी संपवू शकायची.

मैदान रुंद, म्हणून टीमचा खेळही तसा झाला. कडेनं वाऱ्यासारखं सुटायचं आणि आत बॉल टाकायचा. फकिरा डाव्या कडेनं सुटला की माणसं झाडावर चढून बघायची. आता त्याच जागी त्याचा पोरगा आकाश खेळत होता, कॅप्टनही तोच होता. बापासारखाच जरा वाकून पळायचा. त्याला पळताना बघितलं की पुंडलिकला काळ थांबल्यासारखं वाटायचं.

आणि नेमकं हेच साल नासलं. जुलैत पुंडलिकच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ऑक्टोबरात लीग सुरू झाली. काठी टाकून तो डबा घेऊन मैदानात आला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. विश्वजीत म्हणून गोलकीपर होता, त्यानं फक्त एवढंच विचारलं की काका, यंदा डबा मी धरू का. पुंडलिकनं डबा दुसऱ्या हातात घेतला. रेषा मारल्या, घरी गेला आणि दोन दिवस जेवला नाही. नंतर कोणी तो विषय काढला नाही.

पहिली मॅच हरले, दुसरी हरले. बाहेरच्या मैदानांवर टीम बरी खेळायची, चिकलठाण्याला तर जिंकून आली. घरी आली की मात्र नाकी नऊ. आकाश कडेनं सुटायचा आणि ऐन वेळी बॉल रेषेबाहेर जायचा. विश्वजीतसारख्या कीपरवर घरच्या मैदानात चार पेनल्ट्या झाल्या, चारही त्याच्या हाताखालून आत. आपल्याला वर्षभरात एकही मिळाली नाही, तो भाग वेगळा. मैदानाला नजर लागली असं कोणी कोणी म्हणू लागलं, पण लिंबू-मिरची बांधायची सोय नव्हती. विहारात रोज बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी बांधणाऱ्यालाच टांगलं असतं. पुंडलिक रोज संध्याकाळी मैदानाला एक चक्कर मारायचा. ज्या मातीनं चाळीस वर्षं साथ दिली ती आपल्यावर का रुसली, हे त्याला समजत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एकच मॅच उरली. बरोबरी झाली तरी खाम वाचणार होती, हरली तर खालच्या गटात. मधे ही मॅच एकदा पुढे ढकलली गेल्यानं लीगवाल्यांनी विचारलं की स्टेडियमवर खेळता का घरच्या मैदानावर. विहाराच्या पायरीवर सगळे जमले. स्टेडियम बरं, असं दोघं-तिघं हळूच म्हणाले. पुंडलिकला ते खपलं नाही. मरायचं असंल तर आपल्या मातीत मरू, असं तो म्हणाला. विश्वजीतनं आकाशकडे पाहिलं. आकाश बराच वेळ बुटाची माती काढत बसला आणि मग म्हणाला, "काका म्हनतात तं इथंच खेळू."

ऐंशी मिनिटं शून्य-शून्य होतं. वस्तीतलं चिटपाखरू घरात नव्हतं, बायका गच्च्यांवर, म्हातारे खुर्च्या टाकून. मग बॉक्समध्ये कोणाचा तरी पाय अडकला आणि शिट्टी वाजली. पेनल्टी. विश्वजीतनं बरोबर ओळखून उजवीकडे झेप घेतली, पण तो जमिनीला लागायच्या आत बॉल जाळीत होता. शेवटच्या दहा मिनिटांत आकाश दोनदा डाव्या कडेनं सुटला. दोन्ही वेळा त्यानं बचाव करणाऱ्याला मागं टाकलं आणि दोन्ही वेळा बॉल फक्कीच्या बाहेर गेला. रेफ्रीनं घड्याळ पाहिलं आणि संपलं.

त्यानंतर पुंडलिक मैदानाकडे फिरकला नाही. मार्च संपत आला तेव्हा जयंतीच्या मांडवाची तयारी सुरू झाली आणि मांडववाल्यांनी वाळलेलं गवत मुळालगत कापून काढलं. सकाळी दूध आणायला निघालेला पुंडलिक सहज आत वळला. मोकळं झालेलं मैदान त्यानं डोळे भरून पाहिलं आणि मग त्याला ती पट्टी दिसली.

डाव्या बाजूला, आताच्या रेषेच्या बरीच बाहेर, मातीत एक सरळ उघडी पट्टी गेलेली होती. गवताचं एक खोड तिच्यात नव्हतं. दोन्हीकडे खुंट आणि मधे नुसती पांढुरकी माती, थेट या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधी त्याला वाटलं की क्रिकेटवाल्या पोरांचा उद्योग असेल. मग त्यानं वाकून चिमूटभर माती उचलली, बोटात चोळली. चुना होता. वर्षानुवर्षांचा, मुरलेला. एकाच जागी चाळीस वर्षं फक्की पडली की तिथं गवत कुठून उगवणार? पावसाळ्यातलं उंच गवत आजूबाजूनं कलंडून तिला झाकत होतं, एवढंच. म्हणजे ही त्याचीच रेषा होती. जुनी.

दुधाची किटली त्यानं गोलपोस्टपाशी ठेवली. मधोमध टाच टेकवली आणि मोजायला सुरुवात केली. त्रेचाळीसाव्या पावलाला तो यंदाच्या रेषेवर पोचला. पुढे चालत राहिला. चव्वेचाळीस, पंचेचाळीस. एकोणपन्नासाव्या पावलाला पाय उघड्या पट्टीवर पडला. उजवीकडे जाऊन मोजलं, तिकडंही तेच. मग गोलसमोर चौदा पावलं आणि एक वीत. तिथून दोन पावलं पुढे मातीत बशीएवढा खोलगट खड्डा होता. चाळीस वर्षं पेनल्टी मारणाऱ्यांनी तिथं पाय रोवले होते आणि दर पावसाळ्यानंतर त्यानंच मुरूम टाकून तो बुजवला होता, फक्त यंदा गुडघ्यामुळे ते राहून गेलं होतं.

पुंडलिक त्या खड्ड्यापाशी खाली बसला. मातीचा काही दोष नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याचं पाऊल आखडलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. पाऊल छोटं झालं तसं मैदान छोटं झालं. कडेनं पळणाऱ्या टीमची कडच त्यानं दोन्हीकडून खाल्ली होती. पेनल्टी मारणाऱ्याला त्यानं कीपरच्या नाकासमोर नेऊन उभं केलं होतं. फकिराच्या टीमला खाली कोणी ओढलं असेल तर त्यानं, आपल्या हातानं, फक्कीच्या डब्यानं. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ऊन चढलं तसं त्याला एकेक आठवायला लागलं. दुसऱ्या मॅचला आकाश खाली रेषेकडे बघत उभा राहिला होता. विश्वजीत प्रत्येक पेनल्टीआधी ठिपक्याकडे बघायचा, मग पुंडलिककडे, मग काही न बोलता गोलमध्ये जाऊन उभा राहायचा. किटलीतलं दूध नासेपर्यंत तो तिथंच बसून होता.

दुपारी चारला शिफ्टच्या बसमधून आकाश उतरला तेव्हा पुंडलिक विहाराच्या पायरीवर वाट बघत होता. आकाशही वाळूजलाच होता, दुसऱ्या कंपनीत. डब्याची पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आतच पुंडलिकनं विचारलं.

"लाइन आत आल्ती, हे तुला माहीत व्हतं का?"

आकाशनं पिशवी खाली ठेवली. "दुसऱ्या मॅचपासून."

"अन् बाकीच्यांना?"

"समद्यांना, काका."

मग त्यानं सगळं सांगितलं. दुसऱ्या मॅचनंतर विश्वजीत टेप घेऊन आला होता. मागच्या खोलीत बसून सगळ्यांनी विचार केला. कोणी म्हणालं काकांना सांगू, कोणी म्हणालं गुपचूप आपणच रेषा सरकवू. पण पहिल्या मॅचला नुसता डबा मागितला तर काका दोन दिवस जेवले नव्हते, हे काकूनं त्यांना सांगितलेलं. शेवटी आकाशनंच तो टेप जर्सीखाली, पेटीच्या तळाशी टाकला. घरच्या मॅच हरलो तर बाहेरच्या जिंकू, असं त्यांनी ठरवलं. जवळजवळ जमलंही होतं. आणि शेवटच्या मॅचला काका आपल्या मातीत खेळा म्हणाले तेव्हा नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

पोरांनी आपल्यासाठी गट सोडला, या विचारानं पुंडलिकचा जीव गलबलून आला, आणि त्याच वेळी त्याच्या अंगाची आग झाली.

"तुझ्या बापानं मला एकदा भर मैदानात आईवरून शिवी दिल्ती," तो म्हणाला. "मागं टाकलेला पास कमी पडला म्हनून. शंभर मानसं ऐकत व्हती. अन् सांजच्याला माझ्याच घरी येऊन भाकर खाल्ली त्यानं. का म्हाइत हाय? मी त्याच्या टीमातला मानूस व्हतो. तुमी मला भिंतीवरच्या फोटोत बसवलं रे, आकाश. फोटोला कोनी चूक दाखवत नाय."

आकाशचे डोळे भरले. "चुकलं आमचं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, खाली बघूनच, "पन बाबा गेल्यापासून तुमीबी आमाला शिव्या देनं सोडलं, काका. हरून आलो तरी पाठीवर हात. आमाला वाटलं, आता असंच ऱ्हायचं असंल."

फकिरा गेल्यापासून पुंडलिक या पोरांना काचेच्या भांड्यासारखं जपत होता हे खरंच होतं. समोर मांडववाले बांबू उतरवत होते. मग पुंडलिक गुडघ्यावर हात टेकून उठला, मागच्या खोलीत गेला, पेटी उपसून टेप बाहेर काढला आणि आकाशच्या हातात दिला. ऑक्टोबरात आन, एवढंच म्हणाला.

उन्हाळाभर तो संध्याकाळी मैदानात चालायचा. कडूबाईला वाटलं, डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम चालू आहे. ती खूश होती. नवरा ओठातल्या ओठात काय पुटपुटतो हे मात्र तिला कळेना, एक दिवस तर जेवताना तो एकदम सोळा म्हणाला आणि तिनं भाकरी किती वाढायच्या म्हणून डोळे मोठे केले.

ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी ब गटाची पहिली मॅच होती. समोर कुठल्याशा कॉलेजची नवी टीम, बघायला वीस-पंचवीस माणसं. झाडावर कोणी चढलं नाही. पुंडलिक सातला डबा घेऊन आला. पोरं नेहमीसारखी रेषेच्या जागेबाहेर थांबली होती, आकाशच्या खिशातून टेपचा गोल फुगवटा दिसत होता. पुंडलिकनं टाच टेकवली आणि एकोणपन्नास पावलं उजवीकडे, एकोणपन्नास डावीकडे, गोलसमोर सोळा पावलं आणि वर एक वीत. सगळ्या रेषा मारून झाल्यावर डब्यात मूठभर फक्की राहिली. आकाशनं ओंजळ पुढे केली, तसा त्यानं डबा मागे घेतला.

"आधी टेप लाव," तो म्हणाला.

टेपचं एक टोक विश्वजीतनं गोलपाशी धरलं, दुसरं घेऊन आकाश कोपऱ्यापर्यंत गेला. उजवीकडे बरोबर निघालं. पेनल्टीचा ठिपका बरोबर निघाला. डाव्या कोपऱ्यात आकाश उकिडवा बसला, पुन्हा एकदा टेप ताणून घेतला आणि मान वर न करता म्हणाला, "काका, वीतभर आत हाय."

"वीतभर चालतं," पुंडलिक म्हणाला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

आकाश उभा राहिला. मग त्यानं बापासारखे कमरेवर हात ठेवून, सगळ्या टीमसमोर, फकिराची ती जुनी शिवी पहिल्यापासून शेवटपर्यंत दिली आणि म्हणाला, "नाय चालत. पुसा अन् परत मारा."

पोरं थिजून उभी राहिली. पुंडलिकनं चपलेनं रेषा पुसायला घेतली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. लांब उभ्या असलेल्या कडूबाईला काही समजेना. तो गोलपाशी परत गेला, टाच टेकवली आणि पुन्हा पहिल्यापासून, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एक."